उघडीप पडली म्हणून निघू नका: बर्फातल्या वाटेचा अंदाज कसा घ्यायचा

आपल्याकडे झड लागली की चार-चार दिवस सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. उघडीप पडली रे पडली की फवारणी, डवरणी, राहिलेलं खत, सगळं एका दिवसात उरकायचं. ही सवय अंगात एवढी मुरलेली असते की आमची पोरं हिमालयात गेली तरी तंबूतून डोकं बाहेर काढून आधी वर पाहतात. "मॅडम, आभाळ तं एकदम मोकळं हाये. चला ना!"

बर्फाच्या डोंगरात हे गणित उलटं आहे. दोन दिवस दणकून बर्फ पडला, वारा सुटला आणि तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तर तो तिसरा दिवस थांबायचा. नव्या बर्फाने खालच्या थराला अजून धरलेलं नसतं. ऊन लागलं की तो जड व्हायला लागतो. आणि तंबूत कोंडलेली सगळी माणसं नेमकी त्याच सकाळी एकदम बाहेर पडतात. हिमस्खलनात माणसं सापडतात तेव्हा दहापैकी नऊ वेळा ते स्खलन त्यांच्याच किंवा त्यांच्या गटातल्या कोणाच्या वजनाने सुटलेलं असतं. म्हणजे डोंगर अंगावर येत नाही, बहुतेकदा आपणच त्याला खाली ओढतो.

मी अचलपूर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवते. गिर्यारोहणाचे बेसिक आणि अॅडव्हान्स हे दोन्ही कोर्स केलेत, आणि हिवाळ्यात पोरापोरींना घेऊन उत्तराखंड नाहीतर हिमाचलात जाते. हल्ली परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, वरुडकडची पोरं आपली आपणच गट करून निघतात. चांगलंच आहे. पण सामानाची यादी सगळ्यांकडे असते, उताराचा कोन कोणालाच ठाऊक नसतो. हे लिखाण त्यांच्यासाठी.

आधी घरी बसून करायचं काम

निघायच्या दोन आठवडे आधी एक वही घाला. रोज रात्री जेवण झालं की पाच मिनिटं. ज्या जिल्ह्यात जायचं तिथला हवामान खात्याचा अंदाज उतरवून घ्यायचा: उत्तरकाशी-चमोलीसाठी डेहराडून केंद्राचा, कुल्लू-लाहौलसाठी शिमल्याचा, काश्मीरसाठी श्रीनगरचा. इशाऱ्याचे रंग आपल्या नागपूर केंद्राचे असतात तेच चार: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. वहीत पुढचा अंदाज तर लिहाच, पण होऊन गेलेलं जास्त मन लावून लिहा. कोणत्या तारखेला किती पडला, रात्री किती थंडी होती, वारा कुठून होता. बर्फ आपला इतिहास पोटात थरांनी साठवून ठेवतो. आज पायाखाली जे आहे ते गेल्या पंधरा-वीस दिवसांचं आहे.

मिलिमीटरची भाषा आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. तिथे एवढंच लक्षात ठेवा की एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण एक सेंटिमीटर ताजा बर्फ. कडक थंडीत थोडा जास्त, ओला असेल तर कमी. २४ तासांत ३० मिलिमीटरचा अंदाज दिसला तर गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढा नवा बर्फ, आणि तेवढा पडला की पुढचा दिवस-दोन दिवस उभ्या उताराचं नावच काढायचं नाही.

तापमानाचं असं की अॅप मनालीचा आकडा दाखवतं आणि पोरं तेवढ्यावर बॅग भरतात. मनाली साधारण २,००० मीटरवर आहे. दर हजार मीटर चढलं की सरासरी साडेसहा अंश उतरतात. मनालीत दुपारी ५ अंश असतील तर ३,८०० मीटरवर उणे साडेसहाच्या आसपास. त्यात वारा मिळवा. उणे १० अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २१ वाटतं. चिखलदऱ्याच्या जानेवारीतल्या थंडीवरून कोणी अंदाज बांधू नये.

वाऱ्यासाठी मी विंडी हे अॅप पाहते. त्यात जमिनीवरचा वारा न पाहता उंचीचा थर बदलायचा: ७०० हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे ३,००० मीटर, ६०० म्हणजे सुमारे ४,२००. आपल्या वाटेची उंची ज्या थराजवळ येते तो वारा खरा. दिशा वहीत लिहायची, कारण पुढे सगळा खेळ तिच्यावर आहे.

हिवाळ्यातला बर्फ आणणारा पाहुणा म्हणजे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राकडून निघून इराण-अफगाणिस्तानावरून तो पूर्वेला सरकत येतो. आपल्याला तो अनोळखी नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये असा जोरकस विक्षोभ खाली झुकला आणि त्याला बंगालच्या उपसागराकडची ओल मिळाली की आपल्या गव्हा-हरभऱ्यावर गारा येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कोण विसरेल? तोच प्रकार वर हिमालयात बर्फ होऊन पडतो. एक विक्षोभ जातो, दोन-तीन दिवस उघडतं, दुसरा येतो. अंदाज वाचताना फक्त 'बर्फ पडेल का' एवढं पाहू नका. दोन विक्षोभांच्या मधली फट किती दिवसांची आहे आणि आपला चढाईचा दिवस त्या फटीत कुठे बसतो, ते पाहा. फटीचा पहिला दिवस सोडून द्यायचा. दुसरा, जमलं तर तिसरा धरायचा.

हिमस्खलनाचा वेगळा इशारा निघतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. तो डीआरडीओची चंडीगढची संस्था काढते, डीजीआरई. बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी मनालीतली जुनी संस्था 'सासे' २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. इशाऱ्यात जिल्हा, धोक्याची पातळी आणि अमुक मीटरच्या वर, पुढचे २४ तास, असं दिलेलं असतं. तो उंचीचा आकडा आपल्या मुक्कामांच्या उंचीशी ताडून पाहायचा. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे रस्त्याच्या कामगारांच्या छावणीवर स्खलन आलं, ५४ जण अडकले, त्यातले ८ गेले. आदल्या दिवशी चमोलीसाठी इशारा निघालेला होता. पाच पातळ्यांच्या मोजपट्टीत पोरं तिसरीला 'मधली' समजतात आणि चालेल म्हणतात. युरोप-अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की जीव जाणारे अपघात सर्वांत जास्त याच तिसऱ्या पातळीच्या दिवशी होतात. चौथीला माणूस घाबरून घरी बसतो. तिसरीला निघतो.

आता तिकिटाचं. हवामानाइतकंच हेही तपासायचं असतं. आपण नागपूर नाहीतर बडनेऱ्याहून दिल्ली गाठणार, पुढे रात्रभर बस, मग जीप. जाण्या-येण्यातच चार दिवस खर्ची. परतीचं आरक्षण दोन महिने आधी काढलेलं, सुट्टी मोजून मिळालेली, पैसे गोळा करताना घरी शब्द दिलेला. एका गावात तर गट निघायच्या आदल्या रात्रीच बसस्टँडवर 'शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'चा फ्लेक्स लागला, सरपंचांच्या फोटोसकट. अशा गटातल्या पोराला ३,५०० मीटरवर पहाटे चार वाजता 'परत फिरू' म्हणायला किती जड जाईल, सांगा. म्हणून माझ्या गटाचा नियम असा: परतीच्या आरक्षणाआधी दोन मोकळे दिवस, फ्लेक्स नाही, आणि 'आज नाही' म्हणायचा हक्क गटातल्या सगळ्यात नवख्या पोरीलाही. तिने कारण सांगायची गरज नाही.

ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी जास्त सांभाळा. ऑक्टोबर म्हणजे स्वच्छ हवा, असा समज आहे. १७ ते १९ ऑक्टोबर २०२१ ला उत्तराखंडात तुफान पाऊस आणि वर बर्फ झाला, लमखागा खिंडीच्या वाटेवर ट्रेकर गेले. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ वर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या शिकाऊ तुकडीवर स्खलन आलं. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. त्यात कसलेले प्रशिक्षकही होते. आणि जून २०२४ मध्ये सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातल्या गटातले नऊ जण गेले, तेही हिमस्खलनाविना, नुसत्या बर्फाळ वादळात अडकून. तेव्हा महिना पाहून निर्धास्त होऊ नका.

उतार मोजायला गावातच शिका

सगळ्या अंदाजांमध्ये एक गोष्ट अशी आहे जिच्यात तर्कवितर्क नाहीत: उताराचा कोन. स्लॅब, म्हणजे वरचा घट्ट थर, सुटून होणारं हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतं, त्यातही ३८ च्या आसपास सर्वांत जास्त. २५ च्या खाली क्वचितच. ५५-६० च्या वर बर्फ टिकतच नाही, पडता पडताच झरून जातो. पोरांना वाटतं धोका सुळक्यासारख्या कड्यावर असतो. प्रत्यक्षात तो, चांगले बूट असले तर सहज चालून जाता येईल अशा उतारावर असतो.

डोळ्याला हा कोन कळत नाही. सगळेच ३० चा उतार ४५ सांगतात. म्हणून मी पोरांना आधी गावतळ्याच्या बांधावर नेते. काठी उतारावर आडवी टाकायची, तिच्यावर फोन ठेवायचा, कोन मोजायचं अॅप उघडायचं. मातीच्या बांधाची बाहेरची बाजू एकास दोनची, म्हणजे एक उभं दोन आडवं, असेल तर फोन साडेसव्वीस दाखवतो. तिथे पोरांना धावत चढायला लावते. धाप लागली की सांगते, हा अजून स्खलनाचा उतार नाही. मग कालव्याच्या भरावाची कड, एकास दीडची: जवळपास ३४. हा आहे. त्या दोन उतारांतला फरक पायांच्या पोटऱ्यांना समजला की काम झालं. पुढे गाविलगडाच्या वाटेवर चालता चालता पोरं आपसात पैज लावतात, "हा बत्तीस", "नाही बे, सव्वीस", आणि फोनने निकाल लावतात.

थंडीत फोन बंद पडतो. तेव्हा दोन काठ्या. एक काठी १०० सेंटिमीटरवर लावून तिचं टोक उताराला टेकवा आणि ती हवेत आडवी धरा. दुसऱ्या टोकापासून खाली बर्फापर्यंत दुसऱ्या काठीने उभं अंतर मोजा. ५८ सेंटिमीटर भरलं तर ३० अंश, ७० तर ३५, ८४ तर ४०, पूर्ण १०० तर ४५. काठीवर या चार ठिकाणी रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे वर गेल्यावर आकडे आठवत बसायला नको. मात्र हे मोजमाप बाजूच्या छोट्या सुरक्षित चढावर करायचं. संशय असलेल्या उतारावर मधोमध उभं राहून कोन मोजण्यात काय अर्थ?

नकाशावरही घरीच मोजता येतं. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा, समोच्च रेषा ४० मीटरच्या असतील तर दोन रेषांमधलं अंतर १.४ मिलिमीटर म्हणजे ३० अंश आणि ०.८ म्हणजे ४५. दीड मिलिमीटरहून जवळ आलेल्या रेषांवर लाल पेन्सिल फिरवा. वाट त्यातून किंवा त्याच्या खालून जात असेल तिथे गोल करा.

खालून, हे मुद्दाम सांगते. तुम्ही सपाटीवर उभे असाल, पण वरचा उतार तुमच्यावर रोखलेला असेल तर तुम्ही स्खलनाच्या वाटेतच आहात. ४ एप्रिल २०२३ ला गंगटोक-नथुला रस्त्यालगत सात पर्यटक गेले. ते काही शिखर चढत नव्हते. जेवायला, फोटोला, तंबूला जागा निवडताना फोनच्या कडेने वरच्या उताराच्या माथ्यावर नेम धरा. तो कोन २० अंशांहून जास्त भरला तर मोठं स्खलन तिथपर्यंत पोहोचू शकतं. जागा बदला.

झाडंही सांगतात. घनदाट जंगलात मधूनच वरून खालपर्यंत झाडं नसलेला पट्टा दिसला, किंवा भोजपत्राची रोपटी खालच्या बाजूला लवलेली, मोठ्या झाडांच्या वरच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या, तर ती स्खलनाची नेहमीची वाट आहे, माणसांची नव्हे. आणि स्थानिक माणसाला विचारा. सांकरी, लोहाजंग या उत्तराखंडातल्या ट्रेकच्या पायथ्याच्या गावांकडे वयस्क माणसाला 'भाईजी' म्हणून बसवा, चहा पाजा आणि "इस नाले में पिछली बार कब आया था?" असं थेट विचारा. 'सेफ है क्या' विचारलंत तर 'हाँ सर, सेफ है' असंच उत्तर मिळेल, कारण त्याचं पोटही तुमच्या ट्रेकवर आहे.

बर्फाच्या पोटात काय चाललंय

एखाद्या सुट्या फरशीवर तुरीचे दाणे पसरा, त्यावर पाट ठेवा, फरशी जराशी तिरपी करा आणि पाटावर उभे राहा. पाट म्हणजे वरचा घट्ट थर, स्लॅब. दाणे म्हणजे मधला कच्चा थर. सगळं व्यवस्थित दिसतं, पाय ठेवेपर्यंत.

हा कच्चा थर बनतो कसा, ते समजून घ्या, कारण तो आपल्या आवडत्या हवेत बनतो. डिसेंबर-जानेवारीत बर्फ पातळ असतो, रात्री निरभ्र आणि कडाक्याच्या असतात. जमिनीलगत बर्फ शून्याच्या आसपास आणि पृष्ठभाग मात्र गारठलेला. समजा थर ६० सेंटिमीटरचा आणि वर उणे १२ अंश. म्हणजे दर १० सेंटिमीटरला दोन अंशांचा फरक. दर १० सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक राहिला की आतली वाफ वर सरकते आणि कण एकमेकांना सोडून रवाळ होतात. हातात घेऊन दाबा, मूठ वळणार नाही, बोटांतून गळून जाईल. म्हणून वहीत 'आठ दिवस स्वच्छ आभाळ, कडक थंडी, बर्फ कमी' अशी नोंद असेल आणि नंतर एकदम दणका पडला असेल, तर सावध. उत्तरेकडे तोंड करून असलेल्या, ऊन न लागणाऱ्या उतारांवर हा कच्चा थर आठवडेच्या आठवडे टिकतो. दक्षिणेकडचे उतार उन्हाने लवकर बसतात, पण मार्चनंतर तेच दुपारी ओले होऊन सुटतात.

वारा हा बर्फ पडण्याहूनही मोठा हमाल. आभाळातून एक कण न पडता तो धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन लादतो, तेही आभाळातून पडणाऱ्या बर्फाच्या कितीतरी पट वेगाने. सकाळी शिखराच्या माथ्यावरून पांढरी शेपटी उडताना दिसते ना, जिचा सगळे व्हिडिओ काढतात, ती शेपटी ज्या बाजूला पडतेय ती बाजू आज वर्ज्य. धारेवर बर्फाचा छज्जा बाहेर आलेला असेल तर त्याच्या खालीही नाही आणि वरही नाही. छज्जा तुम्हाला वाटतो त्याहून बराच मागून तुटतो.

खड्डा खणून थर पाहणं, ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब कापून त्यावर मनगटातून दहा, कोपरातून दहा आणि खांद्यातून दहा थापा मारून तो कधी सरकतो ते बघणं, हे सगळं कोर्समध्ये शिकवतात आणि शिकावंच. माझं मत विचाराल तर नवख्यांनी या चाचणीवरून 'नको' म्हणावं, 'चला' कधीच म्हणू नये. एका खड्ड्यातला बर्फ आणि तिथून दहा पावलांवरचा बर्फ वेगळा असू शकतो.

त्यापेक्षा फुकट मिळणाऱ्या खुणा पाहा. समोरच्या तशाच उतारावर ताजं स्खलन झालेलं दिसतंय. पाऊल टाकलं की बर्फात काचेला जाते तशी नुसती तडा जाऊन रेघ पुढे पळते. गेल्या दोन दिवसांत भरपूर बर्फ, वारा किंवा पाऊस झालाय. थंडी एकदम कमी झालीय, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत येताहेत, बूट घोट्याच्या वर ओल्या बर्फात रुतताहेत. आणि शेवटची, सगळ्यात स्पष्ट: पायाखाली 'धप्प' असा आवाज. लोहाजंगच्या वरच्या एका माळावर, उतार जेमतेम १५ अंशांचा, आम्ही ओळीने चाललो होतो. आवाज झाला आणि आख्खा माळ बोटभर खाली बसला. पुढचा पोरगा मागे वळून म्हणाला, "कोनं उडी मारली बे?" कोणीच मारली नव्हती. आमच्या वजनाने आतला कच्चा थर मोडला होता. तिथे उतार नव्हता म्हणून काही सरकलं नाही. वर ३५ अंशांचा चढ वाट पाहत होता, तोही त्याच बाजूला तोंड करून. आम्ही तिथेच पराठे खाल्ले आणि खाली आलो. यातली एक जरी खूण दिसली तरी ३० च्या वरचे उतार त्या दिवसापुरते संपले.

प्रत्यक्ष वाटेवर

रात्रीच्या हवेच्या दोन साध्या खुणा. चंद्राला खळं पडलं, आधी केसांसारखे बारीक उंच ढग आणि मग आभाळ दुधाळ होत गेलं, तर विक्षोभ दाराशी आहे. एक दिवसात बर्फ धरून चाला. दुसरी, उंची दाखवणारं घड्याळ. झोपताना आकडा पाहा, उठल्यावर पाहा. तंबू जागचा हलला नाही आणि घड्याळ ४० मीटर वर चढलं, तर तुम्ही चढला नाहीत, हवेचा दाब उतरलाय.

वाट शक्यतो धारेवरून किंवा दाट जंगलातून. केदारकांठ्याकडे, ३,८१० मीटर, नवख्यांना पाठवते ते त्याची वाट बरीचशी जंगलातून आणि धारेने जाते म्हणून. पण बर्फ फार असेल तेव्हा तिथलेही उघडे उतार मोजूनच चढायचे. घळीतून, नाल्याच्या तळातून शॉर्टकट मारू नका. वरून थोडासाच बर्फ आला तरी घळीत तो माणसाच्या उंचीचा साचतो.

टाळता न येणारा उतार ओलांडायचाच असेल तर एकेकाने. पहिला पलीकडे सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही, बाकीच्यांनी त्याच्यावरून नजर काढायची नाही. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढायचे, सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा. आपल्या गटांना हे फार जड जातं. बैलगाडीमागून चालल्यागत सगळे एकमेकांना खेटून, गप्पा मारत. ओरडून वेगळं करावं लागतं. वेळेचंही ठरवून टाका: मार्च-एप्रिलमध्ये पहाटे निघून दहाच्या आत उन्हातले उतार सोडलेले असले पाहिजेत.

साधनं आणि कुटाराचा ढीग

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं आणि शोधणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात टोचून पाहायची लांब सळई) आणि फावडं, तिन्ही प्रत्येकाकडे. एकाकडे असून उपयोग नाही. गाडला गेला तो तोच असला तर? ट्रेक कंपनीला पैसे भरायच्या आधी विचारा, 'देता का?' नाही म्हणाले तर ३० च्या वरचे उतार आणि त्यांच्या खालची जागा पूर्णपणे टाळणारी वाट मागा. सॅटेलाइटवर चालणारी संपर्काची यंत्रं मात्र परदेशातल्या मित्राकडून आणवू नका. सरकारी परवान्याविना ती आपल्याकडे बेकायदा आहेत, पकडतात. जिथे रेंज आहे तिथे ११२, आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७.

फोन करण्याआधी शोधा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांतले बहुतेक जण वाचतात, अर्धा तास उलटला की दहापैकी जेमतेम तीन. तेवढ्यात कुठलीही मदत पोहोचत नाही. वाचवणारे तुम्हीच. माणूस शेवटचा दिसला ती जागा लक्षात ठेवा, वर अजून काही सुटण्यासारखं आहे का ते पाहा, आणि तिथून खाली शोधत जा. सगळ्यांनी आपापले ट्रान्सीव्हर शोधण्यावर लावायचे. फोन बंद किंवा यंत्रापासून किमान ५० सेंटिमीटर दूर, नाहीतर यंत्र भलतीच दिशा दाखवतं. यंत्रावर अंतराचा सगळ्यात कमी आकडा मिळाला की तिथून बाहेर गोल गोल, २५ सेंटिमीटरच्या अंतराने प्रोब टोचायचा. माणूस लागला की प्रोब काढायचा नाही. त्याच्या थेट वर उभं राहून खणायचं नाही. खालच्या अंगाने, जेवढा खोल असेल त्याच्या दीडपट अंतरावरून सुरू करून आत शिरायचं. आधी तोंड आणि छाती मोकळी.

आणि स्वतः सापडलात तर ओरडा, बाजूला निसटायची धडपड करा. बर्फ मंदावतोय असं वाटलं की एक हात तोंडासमोर आणून श्वासाला पोकळी करा. थांबल्यावर बोटही हलवता येत नाही.

याचा सराव बर्फ नसताना होतो. आमच्याकडे सोयाबीन निघालं की खळ्यावर कुटाराचे ढीग पडतात. एका गोणीत जुन्या गोधड्या भरायच्या, त्यात चालू ट्रान्सीव्हर ठेवायचा, तोंड शिवायचं आणि कोणी पाहत नसताना ती ढिगात पुरायची. शोधणाऱ्याने वावराच्या धुऱ्यावरून सुरुवात करायची, वेळ लावून. प्रोब जमिनीला लागला की टणक ठेच बसते. गोणीला लागला की हाताला दबून परत उसळी येते. ही उसळी एकदा हाताला कळली पाहिजे. त्यासाठी डोळे बांधून दहा-वीसदा टोचायला लावते. फावड्याने कुटार उडवायला सुरुवात केली की घरमालक बोंबलतो, त्याला आधीच सांगून ठेवा आणि शेवटी ढीग रचून द्या. यंत्र हातात घेतल्यापासून गोणीचं तोंड उघडेपर्यंत पाच मिनिटं. ज्याला जास्त लागली त्याच्या हातात यंत्र परत द्यायचं, गोणी दुसऱ्या कोपऱ्यात पुरायची.